त्रिनिदाद: पाच दिवस रस्त्यावरच्या खाण्याचे

बुधवार

ताईचा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे आम्ही दोघी बहिणी दीड महिन्यासाठी गेलो होतो. एप्रिल उजाडला तरी तिथली थंडी हटेना, तेव्हा त्यानेच आमची त्रिनिदादची तिकिटे काढून हातात ठेवली. न्यूयॉर्कहून पाच तासांत विमान पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या पियार्को विमानतळावर उतरते, आणि एप्रिलमध्ये दोन्हीकडचे घड्याळ एकच वेळ दाखवत असल्याने झोपेचे गणितही बिघडत नाही.

कॅरिबियन बेट म्हटले की पांढरी वाळू आणि खिसा रिकामा करणारी हॉटेले डोळ्यांसमोर येतात. आजूबाजूची बरीच बेटे पर्यटकांवर जगतात, त्यामुळे तिथल्या खाण्याचे भावही पर्यटकांच्या खिशाकडे पाहून ठरतात. त्रिनिदादचे पोट मात्र तेल आणि नैसर्गिक वायूवर भरते. साहजिकच इथे रस्त्यावर जे शिजते ते इथल्या कारकुनांसाठी, बंदरावरच्या कामगारांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी शिजते, आणि त्यांना परवडेल त्याच भावात मिळते. पाहुण्याने फक्त त्या गर्दीत जाऊन उभे राहायचे असते.

एक सूचना आधीच देते. इथेही चलन डॉलरच आहे आणि पाट्यांवर चिन्हही तेच असते, परंतु एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदाद डॉलर मिळतात. म्हणजे आमच्या वेळी इथला एक डॉलर बारा-साडेबारा रुपयांना पडत होता. विमानतळावर ‘रोटी ४० डॉलर’ ही पाटी वाचून ताईने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

ताई माळकरी आहे. मांस, मासे, अंडी यांपैकी तिला काहीच चालत नाही, आणि मला सगळे चालते. या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशातच पुढचे पाच दिवस गेले.

गुरुवार

आमचा मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागातील एका घरगुती अतिथिगृहात होता. घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, भारतीय वंशाच्या. त्यांचा नातू त्यांना ‘आजी’ म्हणून हाक मारताना ऐकले आणि आम्ही दोघी चमकून एकमेकींकडे पाहू लागलो. त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईवडिलांना आजी-आजा आणि आईच्या आईवडिलांना नानी-नाना म्हणतात. शब्द भोजपुरीतून आलेला, पण आमच्या कानाला तो थेट घरचा वाटला. त्या क्षणापासून आम्हीही त्यांना आजीच म्हणू लागलो.

डबल्स, म्हणजे मऊ तळलेल्या चकत्यांत चणे घालून देतात ती इथली न्याहारी, खायची हे घरून निघतानाच ठरले होते. सकाळी निवांत आवरून साडेदहाच्या सुमारास आम्ही आजींनी सांगितलेल्या कोपऱ्यावर पोहोचलो, तर विक्रेता छत्री मिटून रिकामी पेटी गाडीत चढवत होता. त्याने ओशाळे हसून सकाळी सहाला यायला सांगितले. परत आल्यावर आजी म्हणाल्या की त्यांनी पत्ता सांगितला होता, वेळ आम्ही विचारलीच नव्हती. पुढे दररोज याच गोष्टीचा प्रत्यय येत गेला. इथला प्रत्येक पदार्थ स्वतःच्या वेळेला रस्त्यावर येतो, संपतो आणि दुसऱ्याला जागा करून देतो. दुपारी डबल्स शोधणारा आणि सकाळी कॉर्न सूप मागणारा, दोघेही उपाशी राहतात.

दुपारी आम्ही समुद्रकिनाऱ्यालगतच्या ब्रेकफास्ट शेडमध्ये गेलो. नावात न्याहारी असली तरी खरी गर्दी जेवणाच्या वेळेला असते. ऑड्री जेफर्स यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या समाजसेविकांच्या संस्थेने १९२६ पासून गरीब शाळकरी मुलांना जेवण देणाऱ्या शेड उघडल्या होत्या, आणि हे नाव त्या परंपरेतले आहे. आज इथे एका मोठ्या छपराखाली बायकांचे गाळे ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येकीची भांडी वेगळी आणि प्रत्येकीचे ठरलेले गिऱ्हाईक वेगळे. आपण पातेल्यांत डोकावून पाहायचे, बोट दाखवायचे आणि ताट घेऊन समुद्राच्या वाऱ्यात बाकावर येऊन बसायचे.

मी पलाव घेतला. उच्चार आपल्या पुलावाचा असला तरी कृती वेगळ्याच वळणाची आहे. तेलात साखर घालून ती गडद तपकिरी होईपर्यंत जाळतात, त्या पाकात कोंबडीचे तुकडे परततात, मग तांदूळ, नारळाचे दूध आणि तुरीचे ओले दाणे घालून सगळे एकत्र शिजवतात. हो, तूरच. जिची डाळ आपण रोज वरणाला लावतो, तिचे हिरवे दाणे या बेटावर भातात घालतात; वाळवून, भरडून डाळ करण्यासाठी मात्र पिवळा वाटाणा वापरतात.

ताईसाठी कॅलालू मागितले. वाटीत हिरवेगार, दाट, किंचित बुळबुळीत असे काही आले. ताईने चमचाभर चाखले आणि खाली ठेवत शांतपणे सांगितले, “हे फदफदे आहे. चिंच-गूळ विसरलेत एवढेच.” ती शंभर टक्के बरोबर होती. इथे ज्याला डॅशीन म्हणतात ते आपले अळूच आहे. त्याची पाने भेंडी, लाल भोपळा आणि नारळाच्या दुधात शिजवतात आणि मग लाकडी घुसळणीने एकजीव करतात. ती घुसळणी गाळ्यावरच्या बाईंनी मला हातात घेऊन पाहू दिली. दोन तळव्यांमध्ये धरून फिरवायची ती सरळसरळ रवी होती, फक्त ताकाऐवजी तिला अळू लागलेले होते.

शाकाहारी माणसाने इथे एक प्रश्न मात्र न लाजता विचारायला हवा. कॅलालूमध्ये पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले डुकराचे शेपूट घालतात, आणि ते वरून दिसेलच असे नाही. मॅकरोनी आणि चीज एकत्र भाजून केलेल्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या मॅकरोनी पायमध्येही बहुधा अंडे असते. बाईंनी दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगितल्या आणि पायऐवजी ताईला उकडलेला अळकुडीचा कंद व तळलेले पिकले केळे वाढले. दोघींचे मिळून शंभरच्या आसपास इथले डॉलर झाले, आणि आम्ही केलेले सर्वांत महाग जेवण यादीत लिहायचे तर याचा क्रमांक दुसरा लागेल.

संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला गाड्या लागतात. मैदानाला पूर्ण फेरी मारायची तर साडेतीन किलोमीटरहून अधिक चाल होते, त्यामुळे भूक आपोआप लागते. कोयत्याच्या चार घावांत शहाळे उघडून देणारे, उसाचा रस काढणारे आणि मोठ्या पातेल्यातून कॉर्न सूप वाढणारे एकामागोमाग उभे असतात. वाटाण्याच्या डाळीच्या दाट आमटीत मक्याच्या कणसाचे जाड काप आणि पिठाचे लांबट गोळे शिजवलेले असतात. पिठाच्या गोळ्यांमुळे मला वरणफळांची आठवण झाली. एका पातेल्यावर मांसविरहित असल्याची पाटी होती. ताईने तरीही विचारून खात्री करून घेतली.

शुक्रवार

सकाळी पावणेसहाला आम्ही पोर्ट ऑफ स्पेनच्याच सेंट जेम्स भागात पोहोचलो. अजून पुरते उजाडले नव्हते, पण डबल्सच्या गाडीभोवती पंधरा-वीस माणसे जमलेली होती: रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिका, गणवेशातला एक पोलीस, दप्तर पाठीला लावलेली दोन मुले आणि इंजिन चालूच ठेवून उतरलेले टॅक्सीवाले. रांग नावाची गोष्ट नव्हती. विक्रेता कोण कधी आले हे नजरेने टिपत होता आणि प्रत्येकाला बरोबर त्याच्या क्रमाने वाढत होता.

त्याचे हात पाहण्यासारखे होते. डाव्या तळव्यावर पातळ कागदाचा चौकोन पडतो. कापड अंथरलेल्या पेटीतून वाफाळलेले दोन बारे निघतात आणि एकावर एक अर्धे सरकवून ठेवले जातात. बारा म्हणजे मैदा, हळद, जिरे आणि यीस्टचे सैल पीठ तेलाच्या हाताने थापून क्षणभर तळलेली, तळहाताएवढी, मऊ पिवळी चकती. ती पुरीसारखी फुगून कडक होत नाही आणि भटुऱ्यासारखी ताटभर पसरतही नाही. तिच्यावर पळीभर काबुली चण्याचा पातळसर रस्सा येतो, मग चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला, हिरवी चटणी आणि शेवटी तिखट. कागदाची दोन टोके धरून तो पुडीला एक गिरकी देतो आणि पुढच्याकडे वळतो. या सगळ्याला मोजून सात-आठ सेकंद लागत होते.

तिखटाचे प्रमाण हाच इथला खरा परवलीचा शब्द आहे. ‘स्लाइट’ म्हणजे बोटभर, ‘मीडियम’ म्हणजे धाडस आणि ‘प्लेंटी’ म्हणजे ज्याचे त्याचे नशीब. जगातल्या जहाल मिरच्यांत गणली जाणारी मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरच्या मोरुगा गावाची, हे मला वाचून ठाऊक होते. तरीही कोल्हापूरच्या सासरचा अभिमान आडवा आला आणि मी ‘मीडियम’ मागितले. पहिला घास गोड लागला, दुसरा आंबट लागला आणि तिसऱ्यानंतर मला एका कानाने ऐकू येईना. ताईने ‘स्लाइट’ मागून तीन खाल्ले.

कुचेला म्हणजे कैरीचा कीस पिळून, मसाला आणि मोहरीच्या तेलात मुरवलेला. हिरव्या चटणीत शॅडो बेनी नावाची लांब, दातेरी कडांची पाने असतात, ज्यांचा वास कोथिंबिरीसारखा पण कितीतरी उग्र येतो. जुनी भारतीय माणसे त्यांना ‘बनधनिया’ म्हणतात. जहाजातून उतरलेल्या माणसांना रानात कोथिंबिरीचा वास आला आणि त्यांनी तिथल्या तिथे नाव ठेवले असावे, असे मला त्या फूटपाथवर उभे असताना वाटले.

ते जहाज म्हणजे फतेल रझाक. कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजी ते सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन इथे लागले. गुलामगिरी संपल्यानंतर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, आणि १९१७ पर्यंत करारावर जवळजवळ दीड लाख भारतीय या बेटावर आणले गेले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते, म्हणून इथल्या स्वयंपाकघरात चोखा, भाजी, तवा आणि बेलना हे शब्द टिकून राहिले. डबल्स मात्र भारतातून आले नाहीत, ते इथेच जन्मले. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउन गावात दीन आडनावाच्या कुटुंबाने एका बाऱ्यावर चणे घालून विकायला सुरुवात केली, गिऱ्हाइके दुसरा बारा मागू लागली आणि मागणीचेच नाव पदार्थाला पडले, असे सांगतात.

पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे असतात. आपण किती खाल्ले ते आपणच सांगतो. एकाचे सहा डॉलर, म्हणजे पाऊणशे रुपये, आणि दोन डबल्समध्ये एखाद्याचे पोट दुपारपर्यंत शांत राहते.

दुपारच्या रोटीसाठी आम्ही तिथूनच चालत गेलो. इथे रोटी म्हणजे नुसती पोळी नव्हे, तर पोळी आणि तिच्यासोबतचे कालवण असे पूर्ण जेवण. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. दालपुरीत शिजवून कोरडी वाटलेली वाटाणा डाळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भरतात आणि ती हातभर रुंद, पण इतकी पातळ लाटतात की ताईने ती उजेडासमोर धरून पाहिली. पुरणपोळी लाटण्यात हयात गेलेल्या बाईने सारण कडेपर्यंत पोहोचले आहे की नाही ते तपासणे क्रमप्राप्तच होते. कडेपर्यंत पोहोचले होते. दुसरा प्रकार ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका सदरा. तुपा-तेलाचे पदर दिलेला पराठा तव्यावर असतानाच दोन लाकडी उलथन्यांनी असा बडवतात की त्याच्या मऊ चिंध्या होतात, आणि त्या चिंध्यांनी भाजी टिपून खायची.

ताईच्या ताटात भोपळा, चणे-बटाटा, चवळीच्या शेंगांची ‘बोडी’ आणि कोयीसकट शिजवलेल्या कैरीची आंबटगोड भाजी होती. माझ्यात बकऱ्याचे मटण होते, हाडासकट. बाटलीतले मॉबी हे सालींचा काढा आटवून केलेले पेय मी उत्सुकतेपोटी घेतले. ते आधी गोड आणि मागाहून काडेचिराईत लागते. दुसऱ्यांदा घेण्याचे कारण मला सापडले नाही.

येताना क्वीन्स पार्क ओव्हल मैदानाच्या भिंतीवरून गेलो. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते इथे, आणि सुनील गावसकरांची पहिली कसोटीही तीच. आमच्या वडिलांनी त्या दौऱ्याच्या बातम्यांची कात्रणे वहीत चिकटवलेली होती. दरवाजा बंद होता. ताईने गजांतून हिरवळीचा फोटो काढला, आणि फोटोत गजच नीट आले.

शनिवार

दक्षिणेकडचे देबे हे गाव केवळ खाण्यासाठी गाठायचे असते. शहरातल्या सिटी गेट स्थानकातून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी, म्हणजे आपल्या वडापचीच सुधारलेली आवृत्ती, सान फर्नांडोपर्यंत नेते. पट्ट्याच्या रंगावरून मार्ग ओळखायचा असतो. तिथून पुढे दुसरी गाडी घेऊन थोड्याच वेळात देबे येते. वाटेत एके काळी सलग ऊस होता. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनीचे काम थांबले आणि आता त्या जमिनींवर कुठे भाजीपाला, कुठे घरे, तर कुठे नुसते गवत दिसते.

देबेला रस्त्याच्या कडेने टपऱ्या आहेत आणि दुपार कलली की त्यांच्यासमोर गाड्या थांबू लागतात. काचेच्या पेट्यांत डाळीच्या पिठाची फुलौरी, कचौरी, बटाटा भरून तळलेला ‘आलू पाय’, वांग्याच्या कापांची बेगनी असे सगळे रचलेले असते. ताईची नजर मात्र एका हिरवट-तपकिरी चकतीवर खिळली. “साहीना,” विक्रेतीने सांगितले. अळूच्या पानांना डाळीच्या पिठाचे सारण फासून, पाने एकावर एक ठेवून, गुंडाळून, कापून तळतात. ताईने ती मधोमध मोडली आणि आतली वळकटी मला दाखवली. वळकटी सैल होती, आणि आपण आधी उकडतो तसे इथे उकडलेले नसावे असे तिचे मत पडले. मग त्या दोघींचे अळूवर जे बोलणे सुरू झाले, त्यात भाषेची अडचण दोघींनाही जाणवली नाही. घशाला खाजू नये म्हणून पान कसे निवडायचे ते विक्रेतीने हातवाऱ्यांनी सांगितले. ताईने चिंच दाखवली. विक्रेतीने मान हलवली आणि पेटीवरची चिंचेची चटणी पुढे केली. टपरीवर ठेवलेल्या तिखट लोणच्याचे नाव ‘मदर-इन-लॉ’ असल्याचे कळल्यावर तर त्यांची मैत्री पक्कीच झाली.

मिठायांच्या पेटीत जिलबी, बर्फी आणि कुर्मा होता. कुर्मा म्हणजे आपली शंकरपाळी, पण लांब कांड्यांच्या आकाराची आणि वर साखरेचा पाक चढवलेली. पिशवीभर घेतला. दोघींचा दिवसभराचा खाण्याचा खर्च प्रवासभाड्यापेक्षा कमी भरला.

रविवार

रविवारी शहरातली बरीच रोटीची दुकाने बंद असतात आणि माणसे समुद्राकडे जातात. माराकस किनाऱ्याकडे जाणारा डोंगरातला रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने बांधून दिला. वळणे थेट आंबोली घाटाची आठवण करून देणारी आहेत. तिकडे जाणाऱ्या मॅक्सी फारशा नसतात, म्हणून आजींच्या नातवाने आम्हाला आपल्या गाडीतून नेले आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

घाटमाथ्यावर जिथून समुद्र दिसतो तिथे ‘चाऊ’ विकणाऱ्या बाया बसतात. अननसाच्या किंवा कैरीच्या फोडी, मीठ, लसूण, शॅडो बेनी आणि मिरची पिशवीत घालून हलवलेल्या. शाळेबाहेर तिखट-मीठ लावलेली कैरी खाल्लेल्या कुणालाही याची ओळख करून द्यावी लागणार नाही, मात्र अननसाला लसूण लावण्याची कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही याचे मला वाईट वाटले.

माराकसची ओळख ‘बेक अँड शार्क’. बेक म्हणजे तळून फुगवलेली, आतून पोकळ अशी पावासारखी भाकरी आणि तिच्यात मसाला लावून तळलेल्या शार्कचा तुकडा. त्याच्यावर काय घालायचे ते आपण ठरवायचे असते. काउंटरवर कोबी, टोमॅटो, अननस, लसणाची चटणी, चिंच, शॅडो बेनी अशी पंधरा-वीस भांडी होती, आणि माझ्या पुढच्या गृहस्थांनी एकही न वगळता सगळी वाढून घेतली. शार्कऐवजी दुसरा मासाही मागता येतो. मी तोच घेतला. ताईसाठी बेकमध्ये चीज आणि काउंटरवरचे सगळे. पन्नाशीच्या आतबाहेरचा भाव असलेला हा पदार्थ आमच्या यादीत सर्वांत महाग ठरला, कारण नातवाने दोन खाल्ले आणि ते पैसे आम्ही हट्टाने दिले.

सोमवार

शेवटच्या दिवशी आजींनी सकाळी घरीच सादा रोटी आणि बेगन चोखा केला. विस्तवावर भाजलेले वांगे, ठेचलेला लसूण, आणि वरून कडकडीत तेल: भरीतच, दाण्याच्या कुटाशिवाय. ताईने त्याच रात्री आजींच्या स्वयंपाकघरात पिठले केले. आजींनी त्यात बोट घालून पाहिले, दोनदा वाढून घेतले आणि नातवाला फोन करून बोलावले.

मंगळवार

विमान सकाळचे होते. पियार्कोला पहाटेच डबल्स मिळतात हे आजींनी सांगितले होते, आणि यावेळी आम्ही वेळही विचारून ठेवली होती. ताई स्वतःच पुढे झाली. पाच दिवसांत तिची भीड चेपली होती आणि तिने ‘मीडियम’ मागितले. पासपोर्ट तपासणाऱ्या तरुणीने तिचे वाहणारे डोळे पाहून, आमचे बेट सोडताना एवढे वाईट वाटते का, असे आपुलकीने विचारले. ताईला बोलता येत नव्हते. तिने नुसती मान डोलावली आणि शिक्का मारून घेतला.